जपानला इंग्रजी शिकवायला जातेय, स्वस्तात भाड्याचं घर कसं मिळेल?
अगं आधी शाळेलाच विचार, त्यांच्या नावावरचा फ्लॅट मिळतोय का. कारण आपल्याकडे पुण्यात डिपॉझिट निदान परत तरी मागता येतं, तिकडे बऱ्याच घरांना डिपॉझिटच्या वर ‘रेइकिन’ पण असते, म्हणजे मालकाला दिलेले पैसे, ते परत मिळतच नाहीत, शिवाय एजंटची फी आणि गॅरंटर वेगळाच. शाळेचं नसेल तर ‘यूआर’ या तिथल्या निमसरकारी गृहसंस्थेची घरं बघ, तिथे रेइकिन, एजंट, गॅरंटर काहीच नाही, पगाराची अट मात्र असते. घर अगदी रिकामं मिळतं हं, मी कोथरूडहून गेले तेव्हा पहिल्या रात्री दिवासुद्धा नव्हता, मोबाईलच्या उजेडात थालीपीठ खाल्लं. दिवा-बिवा घ्यायला थोडे पैसे बाजूला ठेवच. आणि नुसते फोटो बघून इथून अ‍ॅडव्हान्स पाठवू नकोस, प्लीज.