दोनदा नीटची परीक्षा देऊन झाली, आता पोरगा म्हणतो "मला माहीत नाही"

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. मुलगा 19 वर्षांचा, घर उदगीरकडं, नीटसाठी, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी, लातूरला रूम करून राहिला, पहिल्यांदा 720 पैकी 402 आले, रिपीट केल्यावर 398. त्याच्या वडिलांचं, म्हणजे तुमच्या साहेबांचं, म्हणणं अजून एक चान्स घे, आणि पोराला विचारलं तर एकच उत्तर, मला माहीत नाही. संध्याकाळी दोन तास कोपऱ्यावरच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात जाऊन बसतो. तुम्ही विचारलंय, "डोक्यावर परिणाम झालाय का? त्याच्या वयात तर माझ्या कडेवर दोन वर्षांचं लेकरू होतं."

आधी एक स्पष्ट विचारतो. झोप उडालीय का, जेवण सुटलंय का, जगण्यात अर्थ नाही असं काही बोलतो का? असं काही असेल तर माझं उत्तर बाजूला ठेवा आणि आजच डॉक्टरला दाखवा, नाहीतर 14416 ला फोन लावा, सरकारची टेली मानस सेवा आहे, फुकट आहे. पण पत्रात तसं काही दिसत नाही. जेवतो, झोपतो, दुकानात जातो, फक्त पुढचं सांगता येत नाही. ते या वयाचं आहे ताई.

एरिक एरिक्सन नावाचा मानसशास्त्रज्ञ होता, 1950 मध्ये त्याने माणसाच्या आयुष्याच्या आठ पायऱ्या मांडल्या, पाळण्यापासून म्हातारपणापर्यंत. 12 च्या पुढे सुरू होणारी पायरी म्हणजे "मी कोण" हा प्रश्न, आणि तो 18 ला बरोबर सुटतो असं काही नाही. या वयात थोडी मुदत लागते म्हणाला, त्याला त्याने शब्द वापरला मोरॅटोरियम. एज्युकेशन लोनला असतो ना, कोर्स चालू असेपर्यंत हप्ता नाही, तोच. लोन माफ होत नाही पण, हे पोरालाही सांगा. तुम्हाला ही मुदत मिळाली नाही, लग्न झालं, लेकरू झालं, प्रश्न पडायच्या आधीच उत्तर हातात आलं.

आता खरी गोष्ट. तुम्ही लिहिलंय "आठवीपासून डॉक्टरच व्हायचं म्हणायचा". जेम्स मार्सिया नावाच्या अभ्यासकाने 1966 मध्ये एरिक्सनचंच काम पुढे नेलं, त्याने दाखवलं की काही मुलं शोध न घेताच ठरवून मोकळी होतात, घरच्यांनी दिलेलं उत्तर पाठ करतात. बाहेरून फार शहाणी दिसतात अशी पोरं. आठवीतल्या पोराला डॉक्टर म्हटल्यावर पाहुण्यांकडून शाबासकी मिळते, तो म्हणत राहतो, यात लबाडी कुणाचीच नाही. त्यामुळे आजचं "मला माहीत नाही" हे मला त्या आठवीतल्या उत्तरापेक्षा जास्त प्रामाणिक वाटतं, तुम्हाला राग आला तरी चालेल.

आणि ते दुकान. साहेबांना तिथं बसण्याची लाज वाटते असं लिहिलंय तुम्ही, मला तर अख्ख्या पत्रात तेवढीच ओळ आशेची वाटली. "मी कोण"च्या आधीची पायरी शाळकरी वयाची, मला काहीतरी जमतं ही खात्री येण्याची. पायऱ्या एकदा चढल्या की पक्क्या झाल्या असं नसतं, दोन वर्षं टेस्ट सिरीजमध्ये दर रविवारी रँक बघून बघून ती खात्री पार झिजते. जळालेली वाइंडिंग काढायची, वेढे मोजून नवी तार भरायची, वार्निश लावायचं, वाळवायचं आणि बटण दाबल्यावर मोटार फिरते की नाही ते तिथंच कळतं, कटऑफ नाही काही नाही. तो तिथं टाइमपास करत नाहीये, औषध घेतोय. एकदा जाऊन बघा त्याला काम करताना, लांबूनच बघा, सल्ला नको.

साहेबांना एक उदाहरण सांगा. सुधीर कक्कर, आपल्याकडचे मोठे मनोविश्लेषक, आधी मेकॅनिकल इंजिनिअर झाले, मग अर्थशास्त्रात डॉक्टरेट, आणि अहमदाबादला एरिक्सनशी गाठ पडल्यावर तिसरीकडेच वळले. खुद्द एरिक्सनकडे तर कॉलेजची डिग्री नव्हती, तरुणपणी चित्रं काढत युरोपभर हिंडला, पुढे हार्वर्डला प्रोफेसर झाला. म्हणजे तुमचा पोरगा हार्वर्डला जाईल असं नाही हो, पण 19 व्या वर्षी गाडी सुटत नाही एवढंच. साहेबांचंही वय तसंच आहे, पन्नाशीच्या आसपास माणसाला पुढच्या पिढीसाठी काहीतरी उभं करायचं असतं, आणि ते पोराच्या मार्कशीटवरच उभं करायला गेलं की दोघंही दमतात.

करायचं काय? दहा महिन्यांची मुदत द्या, तारीख कॅलेंडरवर लिहून. तिसरा अटेम्प्ट त्याने स्वतः मागितला तरच. दुकानात नुसतं बसणं बंद, मालकाशी बोलून रोजचं काम आणि थोडेफार पैसे ठरवा. दर महिन्याला एका वेगळ्या माणसाला भेटू दे, हॉस्पिटलमधली मशीन दुरुस्त करणारा टेक्निशियन पहिला, कारण बायोलॉजी आणि हाताचं काम दोन्ही तिथं लागतं. काही पॉलिटेक्निकमध्ये मेडिकल इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा असतो, आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड दोन वर्षांचा आहे, दोन्हीला दहावीचे मार्क बघतात, नीटचे नाही. इंजिनिअरिंगच करायचं ठरलं तर त्याचं बारावीला गणित नाहीये, ते ओपन स्कूलिंगमधून वेगळं देता येतं, त्याची चौकशी आधीच करून ठेवा.

आणि मधली वर्षं शिक्षण का थांबलं याचं, म्हणजे गॅपचं, अ‍ॅफिडेव्हिट लागेल अ‍ॅडमिशनला, ते करून ठेवा, ऐनवेळी तहसीलला रांग असते.