वॉलकॉट लेजंड, की नुसताच पळणारा? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

गेल्या अंकात लंडनच्या आर्सेनल फुटबॉल क्लबच्या जुन्या विंगर्सबद्दल, म्हणजे मैदानाच्या कडेने हल्ला करणाऱ्यांबद्दल, लिहिताना मी एक ओळ सहज टाकली होती, की थिओ वॉलकॉटला पिरेस आणि ल्युंगबर्गच्या पंगतीत बसवता येणार नाही पण म्हणून त्याला ताटावरून उठवायचंही कारण नाही. झालं. एवढ्याशा ओळीवर जी पत्रं आली ती बघून संपादकबाई म्हणाल्या, यावेळचं सदर त्यालाच देऊन टाका आणि एकदाचं मिटवा. मिटणार नाहीये, पण देतो. काही पत्रांतली भाषा थोडी गाळलीये, फुटबॉलवर प्रेम असणारी माणसं किती शिव्या देतात हे घरी येणाऱ्या मासिकात छापता येत नाही.

प्रश्न : सर, तुम्ही आकडे न बघता लिहिता असं वाटतं. वॉलकॉटने आर्सेनलकडून ३९७ मॅच खेळल्या, १०८ गोल मारले. पिरेसचे ८४ आहेत, ल्युंगबर्गचे ७२. म्हणजे ज्या दोघांना तुम्ही देव्हाऱ्यात ठेवता त्यांच्यापेक्षा जास्त गोल, आणि तरी हा पंगतीबाहेर? इंग्लिश नसता, फ्रान्सचा असता तर तुम्हीच त्याच्यावर दोन पानं लिहिली असती. (पुण्याहून एक वाचक)

आकडे बघतो हो, आणि तुमचे बरोबरही आहेत, फक्त अर्धेच सांगितलेत. पिरेसचे ८४ गोल २८४ मॅचमध्ये आहेत, ल्युंगबर्गचे ७२ हे ३२८ मध्ये. हिशोब केला तर पिरेस साधारण साडेतीन मॅचला एक, वॉलकॉट पावणेचारला एक, ल्युंगबर्ग साडेचारला एक. म्हणजे वॉलकॉट मधोमध येतो, आणि त्यातही तो बऱ्याचदा बेंचवरून उठून शेवटची वीस मिनिटं खेळलाय, हे धरलं तर तुमची बाजू अजून जड होते. हे मी मान्य करतो. मागच्या वेळी मान्य केलं नव्हतं, ते चुकलं.

पण लेजंड नुसत्या गोलांवर ठरत नाही ना. पिरेस आणि ल्युंगबर्ग म्हटलं की २००२ ची डबल (एकाच वर्षी लीग आणि एफए कप), २००४ ची एकही मॅच न हरता जिंकलेली लीग डोळ्यासमोर येते. ओव्हरमार्स हा आणखी एक विंगर तर तीनच सीझन होता, पण मार्च १९९८ ला ओल्ड ट्रॅफर्डवर, म्हणजे मँचेस्टर युनायटेडच्या घरी जाऊन त्याने मारलेल्या एका गोलवर त्या वर्षीची लीग फिरली, तो गोल अजून लोक सांगतात. वॉलकॉट १२ वर्षं राहिला आणि लीग एकदाही नाही. एफए कप, म्हणजे इंग्लंडची बाद फेरीची स्पर्धा, क्लबने त्याच्या काळात तीनदा जिंकली, २०१४, २०१५, २०१७. पहिल्या फायनलला हा जखमी, तिसऱ्या फायनलला बेंचवरच बसून राहिला, मधल्या फायनलला मात्र अॅस्टन व्हिलाविरुद्ध पहिला गोल याचाच, तोही स्ट्रायकर म्हणून खेळताना, मॅच ४-०.

आता यात त्याचा दोष किती ते बघा. हायबरी हे जुनं स्टेडियम सोडून एमिरेट्सवर आलो तो २००६ चा ऑगस्ट, नव्या स्टेडियमवरची पहिलीच लीग मॅच व्हिलाशी, ०-१ ने मागे असताना १७ वर्षांचा वॉलकॉट पदार्पणालाच बेंचवरून आला आणि त्याच्या क्रॉसवर जिल्बेर्तोने बरोबरी केली. म्हणजे एमिरेट्सच्या पहिल्या दिवसापासून हा त्या घरात आहे. आणि घर बांधताना जे होतं तेच झालं, हप्ते फिटेपर्यंत एकेक दागिना विकला. ऑन्री २००७ ला गेला, अदेबायोर आणि कोलो तुरे २००९, फाब्रेगास आणि नासरी २०११, व्हान पर्सी २०१२ आणि तोही मँचेस्टर युनायटेडला. वॉलकॉट राहिला. राहिला म्हणून सगळ्यांचा राग काढायला तोच सापडला, कारण गेलेल्यांवर ओरडून काय उपयोग.

प्रश्न : दादा, आमच्याकडं कोल्हापुरात पोरगं पळतंय म्हणून टीममध्ये घेत नाहीत, बॉल घिऊन पळतंय का ते बघतात. पाटाकडील असू दे नाहीतर दिलबहार, शाहू स्टेडियमवर नुसतं पळणाऱ्याला पब्लिक दहा मिनिटांत बाहेर काढायला लावतंय. वॉलकॉटला एवढं स्पीड असून फुलबॅकला, म्हंजे समोरच्या कडेच्या डिफेंडरला, दोनदा चकवता येत नव्हतं. वॉडल बी म्हणला होता की त्याला फुटबॉलचा मेंदू न्हाई. मग विंगर कसला तो? (कोल्हापूरहून एक वाचक)

भावा, तुझं पत्र सगळ्यात आवडलं, म्हणून याला सगळ्यात जास्त जागा.

क्रिस वॉडल स्वतः इंग्लंडचा जुना विंगर, त्याने २०१० मध्ये हे बोलून दाखवलं आणि मग ते वाक्य वॉलकॉटला पाठीवरच्या नंबरासारखं चिकटलं. पण मला वाटतं वॉडल काय, तू काय आणि खूप वर्षं मी काय, आपण सगळे त्याला चुकीच्या मापाने मोजत होतो. आपण विंगर म्हटलं की कडेच्या लाइनवर बॉल पायात घेऊन उभा राहणारा, फुलबॅकला नाचवणारा माणूस शोधतो. वॉलकॉट तो कधीच नव्हता. बॉल पायात आला की त्याची गडबड व्हायची, पहिला टच लांब जायचा, क्रॉस पहिल्याच डिफेंडरला लागायचा, हे मी शेकडो वेळा बघून शेकडो वेळा उशीवर हात आपटलाय. पण बॉल नसताना तो काय करायचा ते बघ. डिफेंडरच्या पाठीमागच्या जागेत कधी सुटायचं (पास सुटायच्या आधी पलीकडे गेलं की ऑफसाइड, गोल धरत नाहीत) हे त्याला बरोबर कळायचं, आणि सुटला की संपलं. म्हणजे मेंदू नव्हता असं नाही, मेंदू स्ट्रायकरचा होता आणि उभा केला होता लाइनवर.

आता हे चालायला दोन गोष्टी लागतात, एक म्हणजे पास देणारा आणि दुसरी म्हणजे समोरच्याच्या मागे मोकळी जागा. फाब्रेगास होता तोवर पहिली गोष्ट होती. युरोपात मोठ्या टीमसमोर दुसरीही मिळायची, २०१० ला बार्सेलोना एमिरेट्सवर २-० ने पुढे असताना हा बेंचवरून आला, तीन-चार मिनिटांत गोल मारला आणि त्यांची डिफेन्सची लाइन जी फाटली ती शेवटपर्यंत शिवली गेली नाही, मॅच २-२. त्याआधी २००८ च्या सप्टेंबरात झाग्रेबमध्ये इंग्लंडकडून क्रोएशियाविरुद्ध हॅटट्रिक, १९ व्या वर्षी, तिथेही क्रोएशियावाले वर चढलेले आणि हा मागून सुटलेला. पण लीगमध्ये एखादी छोटी टीम दहा माणसं घेऊन स्वतःच्या बॉक्ससमोर बसली की पळणार कुठे? भिंतीत? तेव्हा तो दिसायचाच नाही, ९० मिनिटं मैदानावर आहे की नाही हे शर्ट मोजून बघावं लागायचं.

आणि बॉल घेऊन पळत नव्हता म्हणतोस तर ८ एप्रिल २००८ ची अॅनफिल्डची मॅच बघ. चॅम्पियन्स लीग क्वार्टर फायनल, आपल्याकडे रात्रीचा सव्वाबाराचा टाइम, टीव्हीचा आवाज शून्यावर कारण आत आईबाबा झोपलेले. पोरगा स्वतःच्या बॉक्सजवळ बॉल घेतो आणि निघतो तो लिव्हरपूलची चार-पाच माणसं मागे टाकत पार दुसऱ्या टोकापर्यंत, आणि अदेबायोरला आयता ठेवतो. २-२, आणि बाहेरच्या मैदानावरचे गोल जास्त म्हणून तेव्हाच्या नियमाने आपण सेमी फायनलला. मी तोंडात टॉवेल कोंबून ओरडलो. दोन मिनिटं टिकलं ते, मग पेनल्टी, लिव्हरपूलचा जेरार्ड, मग त्यांचाच बाबेल, ४-२, आपण घरी. त्या रनमुळे जिंकलो असतो तर आज हे पत्र तू लिहिलंच नसतंस, हे मात्र नक्की.

अजून एक, माझा स्वतःचा लाडका. ऑक्टोबर २०११, चेल्सीच्या मैदानावर आपण जिंकलेली ५-३. त्यात वॉलकॉट बॉल घेऊन जाताना अडखळून पडतो, सगळ्यांना वाटतं गेला बॉल, आणि हा उठतो, आजूबाजूचे अजून विचार करतायत तोवर मधून निसटतो आणि गोलकीपर पेत्र चेकच्या जवळच्या कोपऱ्यात मारतो. अख्खा वॉलकॉट त्या पाच सेकंदांत आहे. शाहू स्टेडियमच्या पब्लिकने पडल्यावर शिट्टी मारली असती आणि उठल्यावर खांद्यावर घेतलं असतं.

प्रश्न : ऑन्रीचा १४ नंबर त्याला द्यायलाच नको होता असं वाटतं का? (ठाण्याहून एक वाचक)

हो. आधी ३२ होता तोच बरा होता. ऑन्री गेल्यावर वर्षभरात, २००८ ला, त्याने १४ घेतला आणि तिथून प्रत्येक चुकलेला शॉट ऑन्रीशेजारी ठेवून बघितला गेला, ज्याचे आर्सेनलकडून २२८ गोल आहेत. गंमत म्हणजे जानेवारी २०१२ ला ऑन्री स्वतः लोनवर परत आला तेव्हा १४ वॉलकॉटकडे होता म्हणून त्याला १२ घालावा लागला, आणि १२ घालूनही आल्या आल्या लीड्सविरुद्ध गोल मारला. जर्सीचा काही संबंध नसतो हे त्याच रात्री कळायला हवं होतं सगळ्यांना.

तसं बघितलं तर घाई नंबराच्याही आधी झाली होती. २००६ च्या वर्ल्ड कपला इंग्लंडचा तेव्हाचा मॅनेजर एरिक्सनने त्याला नेलं तेव्हा तो आर्सेनलकडून एक मॅचही खेळला नव्हता! नेलं आणि तिथे एक मिनिटही खेळवलं नाही. १७ व्या वर्षी अख्ख्या देशाला पोस्टर दाखवलं आणि पिक्चर काही लागेना. त्यानंतर २०१० ला पुढचा मॅनेजर कापेल्लोने वगळलं, २०१४ ला गुडघा. वर्ल्ड कपमध्ये तो शेवटपर्यंत खेळलाच नाही.

प्रश्न : तुम्ही त्याची फार बाजू घेता. २०१२ मध्ये काँट्रॅक्टसाठी क्लबला किती ताणलं त्याने, मला स्ट्रायकर करा, मला पैसे वाढवा. आणि एप्रिल २०१७ ला क्रिस्टल पॅलेसकडून ३-० हरल्यावर कॅप्टन असून टीव्हीवर म्हणतो की त्यांची जिंकायची इच्छा आमच्यापेक्षा जास्त होती. असा माणूस लेजंड? (नागपूरहून एक वाचक)

पॅलेसचं मान्य, पूर्ण मान्य. ते ऐकून मी टीव्ही बंद केला होता. प्रामाणिकपणा असेल, पण दंडावर कॅप्टनची पट्टी बांधून तेवढा प्रामाणिकपणा करायचा नसतो.

काँट्रॅक्टचं मात्र नाही पटत. ज्याने सही केली नाही आणि गेला त्याला गद्दार म्हणायचं, ज्याने ताणलं पण जानेवारी २०१३ ला सही करून राहिला त्याला लोभी म्हणायचं, मग करायचं तरी काय माणसाने? आणि ज्या सीझनला हे नाटक चाललं होतं त्याच सीझनला त्याने सगळ्या स्पर्धा धरून २१ गोल केले, न्यूकॅसलला ७-३ हरवलं त्यात हॅटट्रिक याची. स्ट्रायकर करा म्हणत होता ते एवढं काही चूक नव्हतं, वर कोल्हापूरच्या भावाला सांगितलंच.

खरं नुकसान झालं ते ४ जानेवारी २०१४ ला. शेजारच्या हाडवैरी स्पर्सविरुद्ध एफए कप, गुडघ्याचं लिगामेंट गेलं, स्ट्रेचरवरून नेताना स्पर्सचे लोक नाणी फेकत होते आणि हा बसल्या बसल्या हसत बोटांनी त्यांना मॅचचा स्कोअर, २-०, दाखवत होता. आर्सेनलवाले अजून तो फोटो भिंतीवर लावतात. मीही लावला असता, बायको नको म्हणाली. पण त्यानंतर तो वेग पूर्वीसारखा दिसला नाही. गोल करत राहिला, २०१६-१७ ला १९ केले, शंभरावा सटनविरुद्ध कपमध्ये आला, पण डिफेंडर त्याला घाबरून चार पावलं आधीच मागे जायचे ते बंद झालं.

प्रश्न : साका की वॉलकॉट? (दुबईहून एक वाचक)

साका, आर्सेनलचाच नंतरचा विंगर. पुढचा प्रश्न.

प्रश्न : बाकी सगळं सोडा, २०२३ ला आपण लीग जिंकत होतो आणि साउदॅम्प्टनकडून येऊन यानेच आपल्याविरुद्ध गोल मारला. मी त्याला माफ करू शकत नाही. तुम्ही केलंत का? (नाशिकहून एक वाचिका)

ताई, आधी हिशोब नीट लावू. लिव्हरपूलशी २-० ने पुढे असून २-२, वेस्ट हॅमशी २-० ने पुढे असून २-२, हे दोन्ही साउदॅम्प्टनच्या आधी झालं होतं, त्यात वॉलकॉट कुठेच नव्हता. मग तळाला असलेल्या साउदॅम्प्टनशी घरच्या मैदानावर ३-३, त्यातही पहिला गोल पहिल्याच मिनिटात आपल्या गोलकीपरने समोरच्याला बॉल दिला म्हणून. मग मँचेस्टर सिटीकडे जाऊन ४-१ ने हार. लीग घालवायची तर अशी चार जणांत वाटून घालवतात, एकट्या माणसाच्या माथी मारू नका. गोल मारून त्याने जल्लोषही केला नाही, आणि त्याच ऑगस्टला त्याने खेळणं थांबवलं.

पण माफ केलं का विचारलंत म्हणून सांगतो. रात्रीचे पाऊण वाजलेले, पुन्हा टीव्हीचा आवाज कमी, यावेळी आत मुलगी झोपलेली. साउदॅम्प्टनच्या अल्काराझने मधून पास सोडला आणि ३४ वर्षांचा वॉलकॉट आपल्या लाइनच्या मागे सुटला, अगदी तसाच, तीच तिरकी धाव, आणि आपला गोलकीपर रॅम्सडेलच्या बाजूने बॉल सारला. मी उभा राहून ओरडलो, ऑफसाइड, ऑफसाइड! मुलगी उठून बाहेर आली. रिप्ले दाखवला तो आम्ही दोघांनी बघितला. ऑफसाइड नव्हता.