होम असिस्टंट, ओपनहॅब की डोमोटिक्झ? आधी स्विचबोर्ड उघडून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बोरिवलीत २ बीएचके, जुनं वायरिंग, चार पंखे, दिवे, एक गिझर. हे सगळं मोबाइलवरून आणि आपोआप चालवायचंय, पण कंपनीच्या क्लाउडवर काही जायला नको. होम असिस्टंट, ओपनहॅब, डोमोटिक्झ, नोड-रेड या सॉफ्टवेअरपैकी काय बसवावं?

मी होम असिस्टंट सांगेन. पण सॉफ्टवेअर उद्या बदलता येतं, बोर्डामागचा रिले (चिपच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच) बदलायचा तर पुन्हा वायरमन बोलवा. त्यामुळे खरा विचार भिंतीतल्या मालाचा करायचा.

तरी चौघांबद्दल. नोड-रेड या स्पर्धेत मुळात नाहीच. 'हे झालं की ते कर' असे धागे माउसने जोडायचं ते साधन आहे. होम असिस्टंटच्या जोडीला छान, पण एकट्याने वापरलं तर उपकरणांची यादी, त्यांची स्थिती, जुन्या नोंदी हे सगळं तुम्हालाच उभं करावं लागेल. डोमोटिक्झ सी++ मधलं, हलकं, जुन्या रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावरही पळतं. मात्र किती तऱ्हेची उपकरणं जोडता येतात यात होम असिस्टंटच्या बरंच मागे. ओपनहॅब जावावर चालतं (पाचव्या आवृत्तीपासून जावा २१ लागतं). त्यातली थिंग (उपकरण), चॅनेल (त्याची एकेक सोय), आयटम (तुम्ही वापरता ते बटण किंवा आकडा) ही उतरंड डोक्यात बसेपर्यंत वैताग येतो. एकदा बसली की ते शांतपणे चालतं, कारण मोठ्या आवृत्त्या वर्षाला दोनच. होम असिस्टंटची नवी आवृत्ती दर महिन्याला, पहिल्या बुधवारी येते आणि कधीकधी जुनं काहीतरी मोडते. त्याच रात्री अपडेट मारू नका. बॅकअप घ्या, दुरुस्तीच्या एकदोन आवृत्त्या येऊ द्या.

बसवताना होम असिस्टंट ओएस (अख्खा संगणक त्यालाच देणारा प्रकार) घ्या. डॉकर कंटेनरमध्ये (दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर वेगळ्या कप्प्यात) चालवलं तर ऍड-ऑन, म्हणजे त्यातूनच बसणारी जोडीची सॉफ्टवेअर, मिळत नाहीत. एसडी कार्डावर कायमचं चालवू नका. नोंदींचा डेटाबेस मूळ सेटिंगमध्ये दर ५ सेकंदांनी लिहिला जातो, त्यात कार्ड मरतं. रास्पबेरी पाय ४ आणि एसएसडी, नाहीतर घरात पडलेला जुना ६४-बिट लॅपटॉप. लॅपटॉपची बॅटरी शाबूत असेल तर यूपीएस फुकट.

आता बोर्ड. मेन स्विच बंद करून उघडा आणि न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) आहे का बघा. प्लगचा सॉकेट असलेल्या बोर्डात ती असतेच, नुसत्या बटणांच्या बोर्डात बहुधा नसते. तिथे न्यूट्रलशिवाय चालणारं मॉड्यूल (रिले आणि वाय-फाय चिप असलेली छोटी पट्टी) लावलं तर बल्बमधून थोडा करंट वाहत राहतो आणि एलईडी बंद असूनही मिणमिणते. न्यूट्रल ओढून घेणं बरं, पण त्याच सर्किटची. दुसऱ्या सर्किटची घेतलीत आणि दोघांना वेगवेगळे आरसीसीबी (गळती दिसली की वीज तोडणारे स्विच) असतील, तर दिवा लावताक्षणी ट्रिप होणार. बोर्डामागचा डबा पत्र्याचा असेल तर वाय-फाय अर्धमेलं होतं, म्हणून मॉड्यूल प्लास्टिकच्या पुढच्या प्लेटला चिकटून ठेवा.

मॉड्यूल ईएसपी३२ किंवा ईएसपी८२६६ चिपचं घ्या. सुटे भाग लॅमिंग्टन रोडला मिळतील. दोन्ही चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. त्यात भरायचं सॉफ्टवेअर टास्मोटा की ईएसपीहोम? टास्मोटा तयार येतं, ब्राउझरमधून मांडता येतं आणि एमक्यूटीटी या निरोप पाठवायच्या पद्धतीने चौघांपैकी कोणाशीही बोलतं. उद्या हब (म्हणजे होम असिस्टंटसारखं मुख्य सॉफ्टवेअर) बदलायची शक्यता असेल तर हेच. होम असिस्टंट पक्कं असेल तर ईएसपीहोम, पण एक खोडी लक्षात ठेवा: १५ मिनिटं हबशी संपर्क झाला नाही तर ते स्वतःला रीस्टार्ट करतं. म्हणजे लॅपटॉप बंद पडला की घरातले रिले दर पाव तासाने टकटक करू शकतात. ईएसपीहोमच्या सेटिंगमधल्या 'एपीआय' भागात 'रीबूट टाइमआउट' शून्य करा. एमक्यूटीटी वापरलंत तर त्याचे निरोप वाटणाऱ्या मॉस्किटो या सॉफ्टवेअरची दुसरी आवृत्ती सेटिंग न करता त्या संगणकाबाहेरून कोणालाच जोडू देत नाही. १८८३ हे पोर्ट आणि पासवर्डची फाइल दोन्ही नोंदवावं लागतं.

सॉफ्टवेअर चिपमध्ये टेबलावरच भरा. बऱ्याच मॉड्यूलमध्ये चिपचा ग्राउंड (शून्य व्होल्टचा टोक) थेट २३० व्होल्टशी जोडलेला असतो. मेन चालू असताना यूएसबी लावलीत तर लॅपटॉप जाईल, कदाचित तुम्हीही.

गिझर २ किलोवॅट म्हणजे जवळपास ९ अँपिअर, ३ किलोवॅट म्हणजे १३. तो १० अँपिअरच्या रिलेवर टाकू नका, कॉन्टॅक्ट वितळून चिकटतात आणि गिझर चालूच राहतो. २५ अँपिअरचा, २३० व्होल्ट कॉइलचा कॉन्टॅक्टर (जास्त करंटचा मोठा रिले; कॉइल म्हणजे तो ओढणारं तारेचं वेटोळं) एमसीबीच्या पेटीत बसवा आणि रिलेने फक्त त्याची कॉइल चालवा. २० मिनिटांत बंद करायचा टायमर हबमध्ये नको, मॉड्यूलमध्येच लिहा, आणि वीज परत आल्यावर रिले बंदच राहील असं ठेवा. हब झोपला तरी गिझर बंद झाला पाहिजे.

पंख्याला दिव्याचा डिमर लावला की तो गुणगुणतो. वेग कपॅसिटरने बदलतात; तयार फॅन मॉड्यूलमध्ये साधारण २.२ आणि ३.३ मायक्रोफॅरडचे असतात. रिलेला १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर (ठिणगी शोषणारी जोडी) लावा, पण फक्त पंख्याच्या. दिव्याच्या रिलेला लावलात तर तीच मिणमिण परत. बीएलडीसी (रिमोटवर चालणाऱ्या, कमी वीज खाणाऱ्या) पंख्याचा सप्लाय कायम चालू ठेवा आणि इन्फ्रारेडने हुकूम द्या. रिमोट शिकायला दुकानात टीएसओपी १७३८ हा इन्फ्रारेड टिपणारा भाग पुढे करतील, तो ५ व्होल्टचा आहे. ईएसपीच्या ३.३ व्होल्टवर टीएसओपी ३८२३८ मागा.

राहिलं बाहेरून चालवणं. राउटरवर दिसणारा पत्ता १०० पासून सुरू होत असेल तर बहुधा इंटरनेट कंपनीने अनेक घरांना मिळून एकच पत्ता दिलाय, तिथे पोर्ट फॉरवर्डिंगचा (राउटरमधून घरातल्या संगणकापर्यंत वाट उघडण्याचा) उपयोग शून्य. टेलस्केल (तुमच्याच उपकरणांचं खासगी जाळं बनवणारं सॉफ्टवेअर) बसवा, पोर्ट उघडायची गरजच पडणार नाही.