कॉलेजच्या व्हरांड्यात एक राउटर आहे आणि वर्गात रिपीटर (राउटरचा सिग्नल पुढे पाठवणारं यंत्र). वर्गात १२० मुलं बसली की वायफाय जोडलेला दिसतो, पण पान उघडत नाही. २०० एमबीपीएसची लाइन वाढवून घ्यावी का?

इतक्यात नको. आधी वर्ग भरलेला असताना एका मोबाइलवरून कॉलेजच्याच राउटरला पिंग लावा, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येतं ते पाहा. रिकाम्या वर्गात ४-५ मिलिसेकंदांत येणारं उत्तर भरल्या वर्गात २००-३०० वर गेलं, तर लाइन बिचारी निर्दोष आहे. व्हरांड्यात एक राउटर आणि वर्गात रिपीटर, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे दोष वायफायमध्येच निघणार.

एका चॅनेलवर (वायफायच्या एका ठरावीक रेडिओ वाटेवर) एका वेळी एकच उपकरण बोलू शकतं. भिंतीपलीकडचा, कमी रेंजचा फोन तेवढाच डेटा पाठवायला कितीतरी जास्त वेळ घेतो आणि बाकीचे ताटकळतात. रिपीटर तर प्रत्येक गोष्ट दोनदा बोलतो. तो आजच काढा.

या वर्गाला दोन अॅक्सेस पॉइंट (केबलला जोडून वायफाय देणारी यंत्रं) लागतील, घरगुती राउटर नव्हे. वर्गाच्या आतच, समोरासमोरच्या भिंतींवर, साधारण तीन मीटर उंचीवर लावा. डोक्यांच्या वर राहू द्या, कारण माणसांची शरीरंच सिग्नल शोषतात. टिनाच्या छताला चिकटवू नका. आपल्याकडे मे महिन्यात तिथे जी भट्टी होते, ती इनडोअर यंत्रांना झेपत नाही.

५ गिगाहर्ट्झवर एकाला ३६, दुसऱ्याला १४९ चॅनेल द्या आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. ८० ठेवली तर स्पीड टेस्ट झकास दिसते, पण शेजारच्या वर्गांसाठी मोकळे चॅनेल उरत नाहीत. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच: १, ६, ११. म्हणून २.४ एकाच यंत्रावर सुरू ठेवा. दोन्हीकडे बंद मात्र करू नका, बऱ्याच मुलांचे स्वस्त फोन फक्त २.४ वरच चालतात. पॉवर 'ऑटो'वर न सोडता मध्यम किंवा कमी करा. किमान डेटा रेट (फोनला चालणारा सर्वांत संथ वेग) १२ एमबीपीएस ठेवा.

स्टाफ, स्टुडंट, गेस्ट, एक्झाम अशी वायफायच्या नावांची रांग लावू नका. प्रत्येक नाव सेकंदाला सुमारे दहा वेळा स्वतःची घोषणा करतं, तीही सर्वांत संथ वेगात. दोन नावं पुरेत.

सकाळची बॅच ठीक आणि दुपारच्या बॅचला नुसतं 'आयपी मिळवत आहे' दिसत असेल, तर फोनना द्यायचे आयपी पत्ते संपलेत. नेहमीच्या सेटिंगमध्ये ते २५४ च्या आतच असतात आणि लीज (एका फोनसाठी पत्ता राखून ठेवायची मुदत) बहुधा २४ तासांची. सबनेट (पत्त्यांचा गट) /२२ करा, म्हणजे हजारावर पत्ते मिळतील. लीज दोन तासांवर आणा.

प्रत्येक यंत्राला कॅट-६ केबल ओढा (१०० मीटरच्या आत) आणि वीज पीओई स्विचवरूनच (त्याच केबलमधून वीजही देणारा स्विच) द्या. मग राउटर, फायबरचा डबा आणि स्विच एका यूपीएसवर ठेवले की भारनियमनातही वर्ग चालू राहतो. दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल नको. जूनमधल्या पहिल्या गडगडाटात स्विचचे पोर्ट जातात. तिथे फायबरच टाका, तीही पाइपातून, नाहीतर उंदीर आणि वानरं ठेवत नाहीत.