टॉकबॉक्सला कोणता आवाज लावू?

प्रश्न: मी नागपूरला महालात राहतो, गणपतीत ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. व्होकोडरवर (सिंथला माइकमधल्या बोलण्याचा आकार देणारं यंत्र) माझा स्ट्रिंग्जचा पॅच, म्हणजे सिंथवर लावलेला व्हायोलिनसारखा आवाज, मस्त चालतो पण तोच टॉकबॉक्सला लावला की शब्दच कळत नाहीत. असं का?

उत्तर: भाऊ, स्ट्रिंग्ज काढा आधी. टॉकबॉक्समध्ये सिंथचा आवाज नळीतून तोंडात येतो अन् जीभ-ओठ फिल्टरचं काम करतात, आवाजातच वरचे हार्मोनिक्स (मूळ सुरासोबत वाजणारे वरचे सूर) नसतील तर तोंड घडवणार काय? साधी सॉटूथ (करवतीच्या दातांसारखी, हार्मोनिक्सनं भरलेली लहर) घ्या, मोनो मोड (एका वेळी एकच सूर), फिल्टर जवळपास पूर्ण उघडा, अटॅक शून्य (दाबताच आवाज), थोडा ग्लाइड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरणं). कोरस-रिव्हर्ब बंद, ते नंतर माइकवर द्या. टॉकबॉक्ससाठी गाजलेले अमेरिकन फंक गायक रॉजर ट्राउटमन यामाहा डीएक्स १०० वापरायचे, छोटासाच सिंथ, पण आवाज कसला करकरीत! एक सूर दाबून ठेवा आणि गळ्यातून आवाज न काढता नुसतं ‘आई’ म्हणा, ‘आ’चा ‘ई’ होताना स्पष्ट ऐकू आला तर पॅच जमला समजा.

व्होकोडरचं वेगळं आहे, तिथं माइकमधल्या आवाजाचे बँड पाडून त्यांचा चढउतार सिंथवर लावतात, म्हणून कॉर्ड्स चालतात, टॉकबॉक्सच्या नळीत मात्र त्यांचा चिखल होतो. फक्त व्होकोडरच्या सिंथमध्ये थोडा नॉइज (‘श्श’ अशी खरखर) मिसळा, नाहीतर ‘शंकर’चा ‘अंकर’ होतो.

आणि मंडपात टॉकबॉक्सच्या माइकचं तोंड मॉनिटरकडे (स्टेजवरच्या स्पीकरकडे) नको, तोंडातून आवाज हळू येतो म्हणून माइकचा गेन (आवाज वाढवण्याचं प्रमाण) वाढवावा लागतो अन् लगेच शिट्टी सुरू होते.