कंपासाठी डीबीएस: स्वस्त बॅटरी खरंच स्वस्त पडते का?

तुमचं वय 58, निवृत्तीला दोन वर्षं. उजव्या हाताला इसेन्शियल ट्रेमर (हात आपोआप थरथरण्याचा आजार), प्रोप्रानोलॉल आणि प्रिमिडोन ही औषधं घेऊनही फरक नाही, म्हणून डीबीएस (मेंदूत तार बसवून बॅटरीच्या यंत्राने विजेचे सौम्य स्पंद देत कंप आवरणं) ठरलंय. चार्ज होणाऱ्या बॅटरीचं अंदाजपत्रक बरंच जास्त आहे, तर साधी बॅटरी घेऊन उरलेले पैसे निवृत्तिनिधीतच ठेवावेत का, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत चार्ज होणाऱ्या बॅटरीकडे झुकतं. साधी बॅटरी साधारण 3 ते 5 वर्षं पुरते. ती पल्स जनरेटरमध्येच (स्पंद देणाऱ्या यंत्रात) सीलबंद असते, त्यामुळे संपली की गळपट्टीच्या हाडाखालचा अख्खा जनरेटर बदलावा लागतो. मेंदूतल्या तारेला हात लावावा लागत नाही, शस्त्रक्रिया छोटी असते. पण नव्या जनरेटरचे पैसे मोजावेच लागतात आणि जंतुसंसर्गाची जोखीम दर वेळी नव्याने येते. संसर्ग चिघळला तर उपकरण काढावं लागू शकतं, आणि तो खर्च अंदाजपत्रकात सहसा धरलेला नसतो. चार्ज होणारी बॅटरी बहुतेकदा 15 वर्षांच्या आसपास चालते. म्हणजे तुमच्या त्र्याहत्तरीपर्यंत दोन ते चार बदल्या टळतात, त्याही पगार थांबल्यानंतरच्या.

रुग्णालयाकडून आणखी एक आकडा लेखी मागा: उपकरण, थिएटर, भूल धरून फक्त जनरेटर बदलायला आज किती लागतील? दोन अंदाजपत्रकांतला फरक त्याहून कमी असेल, तर पहिल्याच बदलीत पैसे वसूल. फरक दोन बदल्यांपेक्षाही मोठा असेल तरच साधी घ्या. मग पहिल्या बदलीची रक्कम लगेच वेगळ्या मुदत ठेवीत टाका. एकाच बाजूला तार असेल, करंट कमी लागला आणि डॉक्टरांच्या संमतीने रात्री यंत्र बंद ठेवता आलं, तर साधी बॅटरीही जास्त टिकते. पण किती करंट लागेल हे शस्त्रक्रियेनंतरच्या प्रोग्रॅमिंगमध्येच (यंत्राची सेटिंग जुळवताना) कळतं, त्यामुळे त्या आशेवर आज हिशेब बांधू नका. चार्जिंग नियमित होणार नसेल, तर मात्र माझा सल्ला उलटा. चार्ज संपला की कंप परत येतो.

विमा कंपनीला दोन गोष्टी लेखी विचारा: इम्प्लांटवर मर्यादा आहे का, आणि पुढची बदली स्वतंत्र दावा म्हणून मंजूर होईल का. सुरुवातीच्या महिन्यांतल्या प्रोग्रॅमिंगच्या फेऱ्याही खर्चात धरा.

आणि सही करण्याआधी फोकस्ड अल्ट्रासाउंडचं (कवटी न उघडता ध्वनिलहरींनी मेंदूतला कंपाशी जोडलेला छोटा भाग निकामी करणं) अंदाजपत्रक घ्याच. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांच्या नियामक संस्थेने) 2016 मध्ये याच आजारासाठी एका बाजूच्या उपचाराला मान्यता दिली, आणि तुमचा त्रास एकाच हाताला आहे. त्यात ना तार, ना बॅटरी, म्हणून पुढचा खर्च फारसा नाही. पण मेंदूत केलेला बदल कायमचा असतो, डीबीएससारखा नंतर कमी-जास्त करता येत नाही. तुम्हाला हा उपचार चालेल का, हे न्यूरॉलॉजिस्टच सांगतील.