वाचक विचारतात : ट्रॅकसाठी जुनी मेगान आर.एस. घेताना

या वेळी ब्रिटनमध्ये राहणाऱ्या वाचकांची पत्रं एकाच गाडीबद्दल आली आहेत. ती म्हणजे रेनॉची तिसऱ्या पिढीची मेगान आर.एस. : दोन लिटर टर्बो पेट्रोल, तीन दरवाजे, पुढच्या चाकांना ताकद. 2016 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे बाजारात आहेत त्या सगळ्या वापरलेल्याच, आणि त्यांतल्या बऱ्याच ट्रॅकवर पळालेल्या.

प्रश्न : 250, 265 आणि 275 यांतली कोणती घ्यावी? वर्षातून चार-पाच ट्रॅक डे (शर्यतीच्या ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवायचे दिवस) आणि बाकी रोजचा वापर असं मनात आहे. (कॉव्हेंट्री)

उत्तर : हे आकडे अश्वशक्तीचे आहेत, पण त्याआधी शासी, म्हणजे गाडीचा सांगाडा आणि सस्पेन्शन, बघा. 250 आणि 265 या गाड्या दोन प्रकारांत मिळायच्या, स्पोर्ट आणि कप. कपमध्ये स्प्रिंग आणि डँपर कडक असतात, आणि मुख्य म्हणजे पुढे लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल (एक चाक नुसतं फिरायला लागलं की ताकद दुसऱ्या चाकाकडे वळवणारी यंत्रणा) असतं. ट्रॅकसाठी कपच घ्यावी. स्पोर्ट शासीची गाडी आरामशीर असते, पण वळणातून बाहेर पडताना आतलं चाक नुसतं फिरत राहतं आणि पुढचे टायर वाया जातात. नंतर डिफरेन्शियल बसवायचं तर गिअरबॉक्स उतरवून उघडावा लागतो.

विकणारा 'कप आहे' म्हणाला म्हणून मान्य करू नका, आणि ब्रेकचे लाल कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे भाग) पाहूनही ठरवू नका. रंग कोणीही देतं. शासी नंबर रेनॉच्या डीलरकडे द्या. गाडी कारखान्यातून काय घेऊन निघाली ते त्यावरून कळतं.

265 चे पूर्ण 265 अश्वशक्ती आणि 360 न्यूटन-मीटर फक्त स्पोर्ट बटण दाबल्यावर मिळतात. एरवी ती 250 अश्वशक्ती आणि 340 न्यूटन-मीटरवरच चालते. चाचणीच्या फेरीत गाडी मवाळ वाटली तर आधी ते बटण दाबून बघा. 2014 ची 275 ट्रॉफी सुंदर गाडी आहे, पण तुमच्या वापरात वरच्या दहा अश्वशक्तींचा फरक एका चांगल्या टायरच्या जोडीएवढाही पडणार नाही. दुरुस्त्यांच्या पावत्या नीट ठेवलेली 265 कप आणि नुसत्या नावावर महाग झालेली 275 समोर असतील, तर आम्ही डोळे मिटून 265 सांगू. उरलेले पैसे ब्रेक, बेल्ट आणि बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांमधले रबर) यांच्यासाठी ठेवा. गाडीच्या किमतीचा साधारण पाचवा हिस्सा पहिल्याच वर्षी लागेल, असं धरून चाला.

प्रश्न : गाडी बघायला जाताना नेमकं काय तपासायचं? मी मेकॅनिक नाही. (रेडिंग)

उत्तर : निघण्याआधी घरी बसून एम.ओ.टी.चा, म्हणजे ब्रिटनमधल्या गाडीच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीचा, इतिहास वाचा. सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकला की तो फुकट दिसतो. नापास झाल्याच्या नोंदींपेक्षा सूचनांच्या (पास करूनही लक्ष ठेवायला सांगितलेल्या दोषांच्या) नोंदी जास्त बोलतात. पुढचे टायर बाहेरच्या कडेने झिजलेले, डिस्कला भेगा, खालचा बॉल जॉइंट ढिला, असं दर वर्षी लिहिलेलं असेल तर गाडी ट्रॅकवर जाते. तेवढ्यावरून ती नाकारू नका. पण जाहिरातीत 'कधीच ट्रॅकवर नेली नाही' असं लिहिलं असेल, तर पुढचं बोलणंच थांबवा. विम्याची नोंदही पैसे भरून तपासा. विमा कंपनीने अपघातानंतर मोडीत काढलेल्या गाडीवर शेरा असतो : ऑक्टोबर 2017 पासून 'एस' म्हणजे सांगाड्याला मार लागलेली आणि 'एन' म्हणजे सांगाडा शाबूत असलेली गाडी. 'एस' असेल तर सोडून द्या.

विकणाऱ्याला आधीच सांगा, की इंजिन थंड असताना गाडी बघायची आहे. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन सुरू करताच एक-दोन सेकंद डिझेलसारखी खडखड आली, तर ती बहुधा इनटेक कॅमशाफ्टच्या डिफेझर पुलीची (व्हॉल्व्ह उघडायची वेळ मागेपुढे करणाऱ्या पुलीची) असते. आतली पिन झिजली की पुली तेलाचा दाब येईपर्यंत सैल हलते. गाडी लगेच बंद पडत नाही, पण ही पुली बदलायला टायमिंग बेल्ट (क्रँक आणि कॅमशाफ्ट एका तालात फिरवणारा पट्टा) उतरवावाच लागतो. म्हणून ते काम बेल्टसोबतच करतात आणि भावही त्याच हिशेबाने करायचा.

या इंजिनात बेल्टचा विषय सगळ्यात महत्त्वाचा आहे. टायमिंग बेल्ट मैलांवर आणि वर्षांवर, जे आधी येईल त्यावर बदलायचा असतो. ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीला पाच वर्षांची मर्यादा आम्ही धरतो, मैल कितीही कमी असोत. बाहेरचा, अल्टरनेटर फिरवणारा बेल्ट त्याहून दगाबाज. तो फाटला की त्याचे दोरे क्रँक पुलीच्या मागून टायमिंगच्या कव्हरात ओढले जातात. मग टायमिंग बेल्ट दात सोडतो, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन संपतं. त्यामुळे दोन्ही बेल्ट, दोन्हींचे टेन्शनर आणि आयडलर (बेल्ट ताणून आणि वळवून धरणाऱ्या पुल्या) एकत्रच बदललेले हवेत.

हे काम कोणी केलं तेही विचारा. या इंजिनात क्रँकच्या पुलीला चावी (तिला जागेवर अडकवणारा खाचेतला तुकडा) नसते. एकच बोल्ट घट्ट आवळून ती घर्षणावर धरलेली असते. कॅमच्या पुल्यांचंही तसंच आहे. म्हणून क्रँक आणि कॅमशाफ्ट जागच्या जागी धरून ठेवणारी खास हत्यारं लागतात, बोल्ट नवा लागतो, आणि बसवण्याआधी पृष्ठभागावर तेलाचा थेंबही राहून चालत नाही. खुणा करून अंदाजाने बसवलेला बेल्ट काही दिवस ठीक चालतो आणि मग टायमिंग सरकतं. पावतीवर सुट्या भागांची नावं नसतील, तर बेल्ट बदललेलाच नाही असं समजून भाव करा.

आता पुढची चाकं. या गाडीत चाकाचा हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) मुख्य स्ट्रटपासून (स्प्रिंग-डँपरच्या खांबापासून) वेगळा आहे आणि स्वतःच्या बॉल जॉइंटवर वळतो. जोरात ॲक्सिलरेटर दिला तरी स्टिअरिंग हातातून ओढलं जात नाही, ते यामुळेच. पण सांधे जास्त असल्याने झिजायच्या जागाही जास्त, आणि हे भाग साध्या मेगानचे चालत नाहीत. गाडी जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा. चाक घड्याळाच्या 12 आणि 6 च्या जागी धरून हलवा, मग 3 आणि 9 च्या जागी. पहिल्यात खटका आला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग, दुसऱ्यात आला तर बहुधा स्टिअरिंगचा टाय रॉड. मागच्या डिस्कमध्ये बेअरिंग आणि ए.बी.एस.ची कडी एकत्रच येते. मागे घरघर आली तर डिस्कसकट खर्च धरा.

चालवताना गिअर थंड असतानाच दुसऱ्यातून तिसऱ्यात पटकन टाका. खरखर आली तर सिंक्रोचं (गिअर जुळवून घेणाऱ्या कड्यांचं) काम निघालं. क्लचसाठी पाचव्या गिअरमध्ये 2,000 आरपीएमवरून पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. काटा वर उडाला आणि वेग मात्र हळूहळू चढला, तर क्लच घसरतोय. शेवटी सीट पुढेमागे सरकवून खालचे बोल्ट पाहा. ताजे ओरखडे म्हणजे तिथे कधीतरी शर्यतीची सीट बसली होती.

प्रश्न : माझ्याकडे भारतातलं लायसन्स आहे. त्यावर ही गाडी चालवता येईल का? (लेस्टर)

उत्तर : ब्रिटनमध्ये राहायला आल्यापासून 12 महिने चालवता येईल. त्यानंतर नाही, कारण भारतीय लायसन्स बदलून ब्रिटिश मिळत नाही. लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावीच लागते. इथे बरेच जण सोपं पडतं म्हणून ऑटोमॅटिकवर परीक्षा देतात. तसं करू नका. या मेगानमध्ये सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स एवढा एकच पर्याय आहे आणि ऑटोमॅटिकच्या लायसन्सवर ती चालवता येत नाही. परीक्षा ताजी असेल तर विमा चांगलाच महाग पडतो, म्हणून गाडी ठरवण्याआधी विम्याचा भाव काढा. ट्रॅक डे नेहमीच्या विम्यात येत नाही. त्या दिवसाचा वेगळा विमा मिळतो.

प्रश्न : ब्रँड्स हॅचच्या छोट्या ट्रॅकवर पाचव्या फेरीत ब्रेकचं पेडल एकदम खाली गेलं. पॅड तर नवे होते! (मेडस्टोन)

उत्तर : पेडल खाली गेलं म्हणजे ब्रेक ऑइल उकळलं. पॅड तापून निकामी झाले असते, तर पेडल दगडासारखं घट्ट लागलं असतं आणि गाडी थांबली नसती. हे दोन वेगळे दोष आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट 4 प्रतीचं कोरं ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसला उकळतं, पण पाणी मुरल्यावर ही किमान मर्यादा 155 अंशांवर येते. कॅलिपरमध्ये ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल जमिनीला टेकतं आणि पिस्टन हलतच नाही. तो ट्रॅक दोन किलोमीटरहूनही आखूड आहे. पॅडॉक हिल आणि ड्रुइड्स या वळणांना जोरात ब्रेक लागतो, पुढे ग्रॅहम हिल आणि क्लिअरवेजला पुन्हा. मध्ये ब्रेक थंड व्हायला पुरेसा लांब सरळ रस्ता नाही.

ज्याचा कोरा उत्कलनबिंदू 300 अंशांच्या वर आहे असं रेसिंगचं ऑइल भरा. चारही चाकांतून जुनं पूर्ण काढा आणि वर्षातून एकदा, मोसमाच्या सुरुवातीला बदला. पॅडची जाडी 6 मिलिमीटरखाली आली असेल तर ट्रॅकवर जाऊ नका. पातळ पॅड उष्णता अडवत नाही, ती थेट पिस्टनमधून ऑइलला मिळते. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर ताशी 60 मैलांवरून 20 पर्यंत आठ-दहा वेळा वेग कमी करा, मध्ये पूर्ण थांबू नका. तसं न केल्यास पॅडचा थर डिस्कवर असमान बसतो आणि नंतर ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरतं.

एका वेळी पाच-सहा फेऱ्या पुरेत, शेवटची जवळपास ब्रेक न लावता. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका, गाडी गिअरमध्ये ठेवा. टर्बोसाठी इंजिन दोन मिनिटं चालू राहू द्या. डिस्कवरच्या बारीक केसांसारख्या भेगा चालतात, पण एखादी भेग कडेपर्यंत पोचली की त्या क्षणी दिवस संपला असं समजा.

प्रश्न : वळणात गाडी आधी सरळ पुढे सरकते. घाबरून पाय काढला की मागची बाजू फिरते. गाडीत दोष आहे का? (डर्बी)

उत्तर : दोष नाही. पुढची चाकं वळवण्याचं, ओढण्याचं आणि बहुतेक ब्रेकचं काम एकाच वेळी करतात. वेग जास्त घेऊन वळणात शिरलात की त्यांची पकड संपते. त्याच वेळी ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि फिरतात. कप शासीत मागचं आतलं चाक जमिनीवरून उचललं जाणंही नेहमीचंच.

ब्रेक आधी संपवा, वळणात थोड्या कमी वेगाने शिरा आणि पाय हलकासा ॲक्सिलरेटरवर टेकवून ठेवा. वळणाच्या आतल्या बिंदूनंतर स्टिअरिंग सरळ होत जाईल तसा ॲक्सिलरेटर वाढवा. इथे डिफरेन्शियल गाडीचं नाक आत ओढतं. ते जाणवायला लागलं की ही गाडी समजली म्हणायची. मागची बाजू सुटलीच तर पाय काढू नका. स्टिअरिंग उलटं देऊन थोडा ॲक्सिलरेटर द्या. पुढची चाकं गाडीला ओढून सरळ करतात. हे अंगवळणी पडेपर्यंत ई.एस.पी. (गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) स्पोर्टवर ठेवा, पूर्ण बंद करू नका.

टायरची हवाही तपासा. रस्त्याचे टायर थंड असताना 30 पी.एस.आय.वर सुरू करा. पहिल्या सत्रानंतर लगेच मोजा आणि पुढचे 35 च्या वर गेले असतील तर हवा कमी करा. घरी निघण्याआधी पुन्हा भरायला विसरू नका, आणि चाकांचे बोल्ट थंड झाल्यावर टॉर्क रेंचने तपासा.

प्रश्न : बाजारचा एक्झॉस्ट बसवलेली गाडी मिळते आहे. ट्रॅकवर चालेल ना? (मिल्टन कीन्स)

उत्तर : प्रत्येक ट्रॅकची आवाजाची मर्यादा वेगळी असते आणि आत सोडण्याआधी मोजतात : एक्झॉस्टपासून अर्धा मीटर अंतरावर, 45 अंशांच्या कोनात, सहसा कमाल आरपीएमच्या तीन-चतुर्थांशावर. बऱ्याच ठिकाणी 105 डेसिबल चालतात, काही ठिकाणी त्याहून कमी. नापास झालात तर परत पाठवतात आणि पैसे मिळत नाहीत. मूळ एक्झॉस्ट गाडीसोबत मिळत असेल तरच घ्या. रीमॅपही (इंजिनच्या संगणकातल्या सेटिंगमध्ये बदल) केलेला असेल तर तो कोणी केला, याचा कागद मागा.

प्रश्न : दोन वर्षांनी पुण्याला परतणार आहे. गाडी सोबत आणता येईल का? (स्लाव)

उत्तर : नाही. भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती तयार झाल्यापासून तीन वर्षांच्या आतली लागते. यातली सगळ्यात नवी गाडीसुद्धा 2016 ची आहे. परतण्याआधी ती ब्रिटनमध्येच विका, आणि विकताना बेल्टच्या पावत्या सोबत द्या.